‘नोंद आढळली नाही’

“माझे पैसे का आले नाहीत?”

पाच शब्दांचा प्रश्न आहे. मराठवाड्यातला सोयाबीन पिकवणारा शेतकरी तो विचारतो, मेळघाटात रोजगार हमीवर माती उपसणारी बाई विचारते, निराधार योजनेच्या पैशांवर महिना काढणारी आजी विचारते. तालुक्याच्या सेवा केंद्रात रांग लावून हा प्रश्न खिडकीपाशी पोचतो. ऑपरेटर आधार क्रमांक टाकतो, संगणकाच्या पडद्यावर एक चक्र फिरते आणि इंग्रजीत तीन शब्द उमटतात, ‘नो रेकॉर्ड फाउंड’. “मावशी, तुमची नोंद दाखवत नाही.” मावशी विचारते, “म्हणजे काय?” या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऑपरेटरकडे नाही, तहसील कचेरीत नाही, मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरही नाही. हा प्रश्न तिला पडेल आणि तो विचारण्याचा तिला हक्क आहे, हे ती यंत्रणा उभी करताना कोणाच्या ध्यानीमनीच आले नाही.

आमचा आरोप स्पष्ट आहे. जनतेची माहिती जनतेच्या पैशाने गोळा करायची, जनतेचे अन्न, मजुरी आणि नुकसानभरपाई त्या माहितीवर टांगून ठेवायची आणि जनतेने त्याच माहितीला प्रश्न विचारला की तिला कळणार नाही अशा भाषेत उत्तर फेकायचे, हा अन्याय आहे. ही तांत्रिक उणीव आहे म्हणून आम्ही गप्प बसणार नाही. कळत नाही असे उत्तर देणे म्हणजे उत्तर नाकारणे. हा नकार रोज, प्रत्येक तालुक्यात, गरिबातल्या गरीब माणसाला मिळतो आहे.

‘नोंद आढळली नाही’ या तीन शब्दांत काय काय दडलेले असू शकते ते पाहा. अर्ज भरलाच गेला नसेल. गेल्या खेपेला ज्या ऑपरेटरने पैसे घेतले त्याने तो ‘सबमिट’च केला नसेल. अर्ज भरला असेल, पण आधारवर नाव एक, सातबाऱ्यावर दुसरे आणि बँकेच्या पासबुकावर तिसरे असेल. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव, कुठे इंग्रजी स्पेलिंगात एक ‘ए’ जास्त. अर्ज मंजूर होऊन तालुक्याच्या टेबलावर पडला असेल. नाकारला गेला असेल. नोंद असेल, पण खिडकीतल्या मुलाने यादीचे वर्ष चुकीचे निवडले असेल. किंवा त्या दिवशी सर्व्हरच झोपला असेल. ही सहा वेगवेगळी सत्ये आहेत आणि प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. एकासाठी तलाठ्याकडे जायचे, दुसऱ्यासाठी बँकेत, तिसऱ्यासाठी कृषी कार्यालयात, चौथ्यासाठी अपील करायचे आणि शेवटच्यासाठी नुसते उद्या यायचे. सहाही सत्यांना सरकार एकच वाक्य देते आणि माणसाला सगळ्या दारांवर फिरवते. प्रत्येक दाराला एसटीचे भाडे आहे, प्रत्येक दाराला एक बुडालेला रोज आहे.

हा दोष नवा नाही आणि त्याचे निदानही नवे नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या अखेरीस जेरॉल्ड कॅप्लन नावाच्या संशोधकाने नेमके याच्यावर बोट ठेवले होते. त्याचे उदाहरण साधे होते. विद्यापीठाच्या संगणकाला विचारले, अमुक सत्रात अमुक विषयात कोण नापास झाले? संगणक म्हणाला, कोणी नाही. विचारणारा समजला की सगळे पास झाले. खरी गोष्ट अशी की त्या सत्रात तो विषय शिकवलाच गेला नव्हता. उत्तर अक्षरशः खरे होते आणि तरीही त्याने माणसाची फसवणूक केली. असे उत्तर म्हणजे विचारणाऱ्यापुढे दगडी भिंत उभी करणे, असे कॅप्लनने म्हटले. प्रश्नामागे माणसाने काय गृहीत धरले आहे ते ओळखायचे आणि ते गृहीतक चुकीचे असेल तर आधी तसे सांगायचे, एवढे करणारी यंत्रणा त्याने बांधून दाखवली. चाळीस वर्षांहून जास्त काळ ही विद्या पुस्तकात पडून आहे आणि आमच्या तालुक्यात ती दगडी भिंत तशीच उभी आहे.

त्याच्याही आधीची गोष्ट सांगतो, कारण ‘तंत्रज्ञान अजून तितके पुढे गेलेले नाही’ ही सबब आम्हाला मुळातूनच उखडायची आहे. १९७१ साली विल्यम वुड्स यांच्या गटाने अमेरिकेच्या अंतराळ संस्थेसाठी एक संगणकप्रणाली दाखवली. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावरून आणलेल्या दगडांच्या रासायनिक तपासणीचे आकडे तिच्यात होते आणि भूगर्भशास्त्रज्ञ तिला आपल्या रोजच्या इंग्रजीत प्रश्न विचारत. त्यांनी संगणकाची भाषा शिकावी अशी अट कोणी घातली नाही. १९७४ साली आयबीएम कंपनीत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी माहितीच्या साठ्याला प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल म्हणून जगभर गेली आणि आज सरकारी पोर्टलांच्या पोटात चालते. ही भाषा कोणासाठी, तर हिशोबनीस, अभियंते, वास्तुविशारद, नगररचनाकार अशा, संगणक हा ज्यांचा धंदा नाही त्या माणसांसाठी, असे त्यांनी लिहून ठेवले. त्याच वर्षी, त्याच कंपनीत, या साऱ्या विद्येचा पाया घालणारे एडगर कॉड यांनी आणखी पुढची गोष्ट सांगितली. क्वचित कधीतरी येणारा, यंत्राची काही माहिती नसलेला माणूस प्रश्न विचारील तेव्हा यंत्राने आधी तो प्रश्न आपल्याला कसा समजला ते त्याच्याच भाषेत परत म्हणून दाखवावे, त्याची हो-ना घ्यावी आणि मगच उत्तर द्यावे.

पन्नास वर्षे झाली. चंद्रावरच्या दगडाबद्दल साध्या भाषेत विचारता येत होते. माझ्या बांधावरच्या सोयाबीनबद्दल विचारता येत नाही. हे पैसे नाहीत म्हणून घडले का? अक्कल नाही म्हणून घडले का? दोन्ही होते. चंद्राच्या दगडाबद्दल विचारणारा माणूस महत्त्वाचा मानला गेला आणि सोयाबीनबद्दल विचारणारा मानला गेला नाही, एवढाच काय तो फरक आहे.

आता उत्तर आले तर काय येते ते वाचा. पीएम-किसानच्या संकेतस्थळावर आपल्या दोन हजारांच्या हप्त्याची स्थिती पाहणाऱ्या शेतकऱ्याला जी वाक्ये दिसत आली ती अशी: ‘एफटीओ इज जनरेटेड अँड पेमेंट कन्फर्मेशन इज पेंडिंग’, ‘आरएफटी साइन्ड बाय स्टेट’. एफटीओ म्हणजे निधी वर्ग करण्याचा आदेश, आरएफटी म्हणजे तशी विनंती. म्हणजे एकात आदेश निघाला आहे, पैसे पोचल्याची खातरजमा बाकी आहे. दुसऱ्यात राज्याने नुसती विनंतीवर सही केली आहे. हे मराठीत लिहायला किती शाई लागली असती? रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा जुळला नाही की आधारचा ३०० क्रमांकाचा दोष येतो. आयुष्यभर विटा आणि दगड उचलून ज्याच्या बोटांच्या रेघा झिजल्या त्याला हा ‘३००’ काय सांगणार? दुकानदार म्हणतो, “तुझं रेशन बंद झालं.” ते बंद झालेले नसते, यंत्राला बोट ओळखू आलेले नसते. आकडा आणि अर्थ यांच्या मधल्या या फटीत दुकानदार उभा असतो आणि तो सांगेल तो अर्थ.

या फटीत जीव गेले आहेत. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात २०१७ साली अकरा वर्षांची एक मुलगी गेली. घरच्यांनी सांगितले, भुकेने गेली; प्रशासनाने आजाराचे नाव घेतले. त्या घरचे रेशनकार्ड आधारशी जोडले नाही म्हणून रद्द झालेले होते. रद्द करणाऱ्या यंत्रणेत त्यासाठी एक खूण पुरली असेल. त्या घरापर्यंत मात्र कोणी वेळेत, कळेल अशा शब्दांत, हे पोचवले नाही की कार्ड अमुक कारणाने रद्द होत आहे, अमुक तारखेपर्यंत अमुक ठिकाणी जा.

आधारवरून येणारे पैसे कुठे जातात हेही किती जणांना सांगितले आहे? ज्या बँक खात्याला आधार सगळ्यात शेवटी जोडला गेला, त्या खात्यात ते जातात. हा नियम आहे. पण पोर्टल नुसते ‘पेमेंट सक्सेस’ म्हणते. २०१७ साली गॅसच्या अनुदानाचे पैसे लोकांना ठाऊकही नसलेल्या पेमेंट बँकेच्या खात्यांत जाऊन पडले होते. मोबाइलचे सिम आधारने पडताळताना ती खाती उघडली गेली होती. यंत्रणेच्या लेखी सगळे व्यवहार यशस्वी होते. चूल मात्र ज्याची त्याने स्वतःच्या पैशाने पेटवली.

पीक विम्यावर आम्ही जरा थांबणार आहोत, कारण तिथे या अपराधाचे खरे रूप दिसते.

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपात सुरू झाली. २०२३ मध्ये महाराष्ट्राने शेतकऱ्याचा हिस्सा एक रुपयावर आणला, २०२५ मध्ये ती सवलत काढून घेतली आणि खरिपातल्या धान्य-गळिताच्या पिकांना शेतकरी पुन्हा विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत हप्ता भरू लागला. या सगळ्या वर्षांत फलक लागले, जाहिराती आल्या, मंत्र्यांची छायाचित्रे आली. भरपाई ठरते कशी, हे मात्र गावच्या पारावर आजही कोणाला धड सांगता येत नाही. म्हणून आम्हीच सांगतो.

उत्पादनावर आधारलेला हा विमा तुमच्या एकट्याच्या शेताचा नसतो, तो तुमच्या महसूल मंडळाचा असतो. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घेऊन मंडळाचे सरासरी उत्पादन काढतात. समजा, सोयाबीनचे ते हेक्टरी १,५०० किलो आले. त्याला जोखीमस्तराने गुणायचे. तो ७० टक्के असेल तर उत्तर १,०५० किलो. हे झाले उंबरठा उत्पादन. मग यंदा मंडळात पीक कापणी प्रयोग होतात, म्हणजे निवडलेल्या शेतांत ठरावीक मापाचा चौकोन आखून त्यातले पीक कापून, मळून, तोलून बघतात. त्यांची सरासरी समजा ८४० किलो आली. उंबरठ्यापेक्षा २१० किलो कमी, म्हणजे २० टक्के तूट. विमा रक्कम हेक्टरी ५०,००० असेल तर तिचे २० टक्के, हेक्टरी १०,००० रुपये. तुमचे एक एकर असेल तर सुमारे ४,०००. तुमचे शेत पार झोपले असेल तरी एवढेच. आणि शेजारच्या गावांचे पीक चांगले येऊन मंडळाची सरासरी १,०५० च्या वर गेली असेल, तर या वाटेने तुम्हाला काहीच नाही.

झाले. पाचवी शिकलेला माणूस हे वाचू शकतो आणि न शिकलेला ऐकून समजू शकतो. तो नियमाशी भांडेल, आणि त्याने भांडावेच. माझे शेत बुडाले असताना शेजाऱ्याच्या शेताची सरासरी मला का, असे विचारावेच. पण निदान तो खऱ्या गोष्टीशी भांडेल. आज त्याच्या मोबाइलवर नुसती एक रक्कम येते. २०२५ साली अकोला जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या खात्यांत तीन रुपये, पाच रुपये अशी नुकसानभरपाई पडली आणि ते लोक जिल्हाधिकारी कार्यालयावर जाऊन ती परत करून आले. सगळ्या देशाने ते वाचले. ते तीन रुपये कुठून आले? क्षेत्र चुकीचे नोंदले होते, तूट नगण्य निघाली होती, की आधीच्या रकमेतली उरलेली चिल्लर होती? कोणत्या मंडळाचा, कोणत्या पिकाचा, कोणत्या तारखेचा आकडा धरला होता? तीन रुपयांबरोबर तीन ओळी आल्या असत्या तर त्या शेतकऱ्याला चूक पकडता आली असती. त्याला चूक पकडता येऊ नये, अशीच ही व्यवस्था आहे.

हे आम्ही जाणून लिहितो. कळलेले उत्तर तपासता येते. आमच्या मंडळात कापणी प्रयोग कोणाच्या शेतात झाला, कोणत्या दिवशी झाला, तिथे कोण हजर होते, तोलून किती भरले, हे एकदा माणसाला समजले की तो म्हणेल, त्या दिवशी तर पाऊस होता, त्या गटात तर सोयाबीन नव्हतेच. न कळलेल्या उत्तरावर एवढेच करता येते, कपाळाला हात लावून घरी जायचे. विमा कंपनीला, कृषी खात्याला आणि तालुक्यातल्या दलालाला हेच सोयीचे आहे. माहिती जितकी अवघड तितका दलाल जाडजूड. खिडकीबाहेर पाचशे रुपये घेऊन ‘काम करून देतो’ म्हणणारा जो माणूस उभा असतो, तो दुसरे काही करत नाही. तो उत्तराचा अर्थ विकतो. जो अर्थ सरकारने फुकट द्यायचा तो त्याच्याकडून विकत घ्यावा लागतो.

“शेतकऱ्यांना हे समजणार नाही, फार तांत्रिक आहे.” हे वाक्य आम्ही अधिकाऱ्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचा संताप येतो. बाजार समितीत जाऊन पाहा. शेतकरी कांदा घेऊन जातो, आडत्या लिलावानंतर त्याच्या हातात हिशोबपट्टी देतो. पट्टीवर लिहिलेले असते, इतक्या गोण्या, इतके वजन, क्विंटलला हा भाव, त्यातून हमाली इतकी, तोलाई इतकी, भाडे इतके, हातात येणारी रक्कम इतकी. अशिक्षित शेतकरीसुद्धा ही पट्टी दुसऱ्याकडून एकदा वाचून घेतो आणि तोलाईत दोन रुपये जास्त लागले तर तिथल्या तिथे आवाज चढवतो. पट्टीत लबाडी होते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण ती लबाडी पकडता येते, कारण वरची रक्कम खालच्या रकमेपर्यंत कशी उतरली हे ओळीओळीने दिसते. आडत्या जे देतो तेवढेही सरकार देत नाही! कल्याणकारी म्हणवणाऱ्या राज्याला यापेक्षा लाजिरवाणे काय असावे?

२०१७ च्या कर्जमाफीची आठवण ज्यांना आहे त्यांनी ती ताजी करावी. २४ जून २०१७ रोजी घोषणा झाली, ३४,०२२ कोटींची, ८९ लाख शेतकऱ्यांसाठी, दीड लाखापर्यंतचे कर्ज माफ. नवरा-बायकोंना जोडीने केंद्रांवर बोलावून ऑनलाइन अर्ज घेतले, बँकांकडून ६६ रकान्यांत माहिती मागवली आणि मग याद्या निघाल्या, हिरवी आणि पिवळी. हिरव्या यादीत नाव म्हणजे माफी. पिवळ्यात नाव म्हणजे माहिती जुळत नाही. ६६ रकान्यांतला कोणता रकाना जुळत नाही? कोणाचा चुकला, माझा की बँकेचा? दुरुस्त कोण करणार? यंत्राला ते ठाऊक होते, नाहीतर त्याने नाव पिवळ्यात टाकलेच नसते. ज्याच्या घरावर कर्जाचा बोजा होता त्याला मात्र फक्त रंग सांगितला. २०२५ साली लाडकी बहीण योजनेच्या पडताळणीत लाखो स्त्रियांचा लाभ थांबला, तेव्हाही अनेकींना ते कळले ते हप्त्याच्या दिवशी बँकेतून रिकाम्या हाताने परतताना.

आता दीडशे वर्षे मागे चला. पुणे जिल्ह्यातले सुपे, १२ मे १८७५. आसपासच्या खेड्यांतले कुणबी जमले आणि त्यांनी सावकारांकडे एकच गोष्ट मागितली, त्यांच्या वह्या आणि रोखे. मिळाले ते जाळले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत तीसहून अधिक गावांत हे लोण पसरले. इतिहासाने याला दख्खनचे दंगे म्हटले. त्या वह्यांत काय होते? ज्याला अक्षर वाचता येत नव्हते अशा माणसाने नांगराची निशाणी करून मान्य केलेले देणे. किती घेतले, किती फेडले, व्याज कसे चढले, हे सगळे एकाच बाजूला ठाऊक होते. चौकशीसाठी आयोग बसला आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी कायदा झाला. शेतकऱ्याला दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागण्याचा हक्क मिळाला, दरवर्षी हिशोब मागण्याचा हक्क मिळाला, देणे-घेणे लिहिलेले पासबुक मागण्याचा हक्क मिळाला. त्या कायद्यात दोष होते, सावकारीही त्याने संपली नाही. पण ज्याच्यावर वही चालते त्याला वही समजली पाहिजे, हे परक्या सरकारलासुद्धा कबूल करावे लागले.

आजचा शेतकरी नांगराची निशाणी करत नाही, यंत्रावर अंगठा ठेवतो. त्याच्यावर चालणारी वही मुंबई-दिल्लीच्या माहिती केंद्रात आहे. ती जाळता येत नाही आणि वाचताही येत नाही. स्वतंत्र भारताच्या, लोकांनी निवडलेल्या सरकारने आपल्याच रयतेला १८७५ च्या सावकाराच्या ओसरीवर नेऊन बसवावे, हे आम्ही सहन करणार नाही.

कायदा नाही, असेही म्हणू देणार नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४(१)(घ) सांगते की प्रशासकीय निर्णयाची कारणे त्या निर्णयाची झळ बसलेल्या माणसाला द्यायची. मागितल्यावर नव्हे, आपणहून. कलम ४(४) सांगते की माहिती पोचवताना स्थानिक भाषेचा आणि त्या भागात सगळ्यात परिणामकारक ठरेल अशा मार्गाचा विचार करायचा. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले, भाषणे झाली. ज्या भाषेला दर्जा मिळाला त्या भाषेत या राज्यातल्या विधवेला तिचे अनुदान का थांबले हे सांगितले जात नसेल, तर तो दर्जा कोणाच्या घरी शोभेला ठेवायचा आहे? आणि नुसते इंग्रजीचे मराठी करूनही भागणार नाही. ‘निधी हस्तांतरण आदेश निर्मित, देयक पुष्टीकरण प्रलंबित’ असे लिहिणाऱ्याने भाषा बदलली, भिंत तशीच ठेवली. “तुमचे पैसे सरकारने अमुक तारखेला पाठवले आहेत, पण बँकेने ते मिळाल्याचे अजून कळवलेले नाही, आठ दिवसांत आले नाहीत तर हे पान घेऊन बँकेत जा.” मराठी याला म्हणतात.

नवे वारे वाहत आहेत, त्यांच्याबद्दलही आत्ताच बोलले पाहिजे. पीएम-किसानसाठी केंद्राने २०२३ साली ‘किसान ई-मित्र’ हा बोलका सहायक आणला. येत्या काळात असे बोलके यंत्र प्रत्येक खात्यात येणार. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला तोंडाने प्रश्न विचारता येणे ही मोठी गोष्ट आहे आणि आम्ही तिचे मनापासून स्वागत करतो. पण गोड मराठीत सांगितलेले चुकीचे उत्तर ‘नो रेकॉर्ड फाउंड’पेक्षा जास्त घातक आहे, कारण त्यावर माणूस विश्वास ठेवतो. म्हणून कॉड यांनी १९७४ साली सांगितलेली अट इथे कायद्याने घातली पाहिजे. यंत्राने आधी म्हणावे, “तुम्ही २०२४ च्या खरिपातल्या सोयाबीनच्या विम्याबद्दल विचारता आहात, अमुक गटातले, बरोबर ना?” मग सांगावे, कोणत्या नोंदवहीत पाहिले, ती वही कोणत्या तारखेपर्यंतची आहे, कोणत्या नियमाने नाव बसले किंवा गळले. आणि जिथे ठाऊक नाही तिथे ठाऊक नाही असे सरळ म्हणावे. शून्य आणि माहीत नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोर्टलावर दोन्ही एकाच रिकाम्या चौकटीत बसवल्या जातात आणि त्या चौकटीत माणसाचे वर्ष वाया जाते.

हे सगळे करायला चंद्रावर जावे लागत नाही. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावात डिसेंबर १९९४ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली. सरकारी कामांचे हजेरीपट आणि बिले मिळवून ती लोकांपुढे मोठ्याने वाचली, बस. जे कागदावर मजूर होते त्यांनी उठून सांगितले, या कामावर आम्ही पाऊलही ठेवले नव्हते. त्या वाचनातून उभ्या राहिलेल्या चळवळीने देशाला माहितीचा कायदा मिळवून दिला आणि २०१९ साली त्याच राजस्थानात गावनिहाय माहिती उघडी करणारे जनसूचना पोर्टल आले. आमच्याकडेही रीत आहे. संगणकातला सातबारा बिनचूक व्हावा म्हणून २०१७ साली महसूल खात्यानेच चावडी वाचनाची मोहीम घेतली होती. गावात बसून नोंदी वाचल्या, लोकांनी क्षेत्र चुकले, नाव चुकले अशा हरकती सांगितल्या, त्या लिहून घेतल्या. जे सातबाऱ्याला जमले ते विम्याच्या यादीला, रेशनच्या यादीला, वगळलेल्या बहिणींच्या यादीला का जमू नये? यादीबरोबर कारण वाचा. नाव घेऊन जाहीर करण्यासारखे नसेल तिथे ज्याचे त्याला लेखी द्या. आणि भरपाईच्या प्रत्येक रकमेबरोबर आडत्या देतो तशी पट्टी द्या: मंडळ कोणते, उंबरठा किती, यंदाचे उत्पादन किती, तूट किती, क्षेत्र किती, रक्कम किती, हरकत कोणाकडे आणि कधीपर्यंत.

कृषिमंत्र्यांना आणि माहिती-तंत्रज्ञान खात्याच्या सचिवांना आमचे जाहीर आव्हान आहे. त्यांनी एका दिवसासाठी आपले ओळखपत्र घरी ठेवावे, कोणत्याही तालुक्याच्या सेवा केंद्रात रांगेत उभे राहावे आणि ‘माझे पैसे का आले नाहीत’ या प्रश्नाचे, समजेल असे उत्तर घेऊन यावे. ते त्यांना मिळाले तर आम्ही हा अग्रलेख मागे घेऊ.

तोवर वाचकांनी एक करावे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी आपल्या गावात ग्रामसभा असते. आपल्या घरातल्या, शेजारच्या ज्या कोणाचा लाभ थांबला आहे त्याला बरोबर घेऊन जा. ग्रामसेवकाला, तलाठ्याला, कृषी सहायकाला उभे राहून विचारा, कोणत्या नोंदीवरून, कोणत्या नियमाने, कोणी थांबवला. ‘पोर्टलवर दाखवत नाही’ असे उत्तर आले तर ते जसेच्या तसे, त्याच शब्दांत, इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा, खाली तारीख आणि सही घ्या, आणि त्याची नक्कल कलम ४(१)(घ) चा उल्लेख करून तहसीलदाराकडे पाठवा. एका गावातून एक नक्कल गेली तर ती फायलीत जाईल. तालुक्यातल्या प्रत्येक गावातून गेली, तर ‘म्हणजे काय?’ हा प्रश्न त्या खिडकीच्या आतल्या माणसाला वरच्या साहेबाला विचारावा लागेल.